आळशाचा चढ

४ फेब्रुवारी

थोर संशोधक बंधुराजांना,

ताईचा नमस्कार. खरं तर धाकट्याला आशीर्वाद द्यायचा असतो, पण तो तुला पूर्वी भरपूर दिलेला आहे आणि त्याचं तू काय केलंस ते रविवारच्या पुरवणीत दिसतंच.

इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. माया दाटून वगैरे आलेली नाही. कामाचं पत्र आहे, आणि काम तूच वाढवून ठेवलं आहेस.

तुझं ‘नकाशातली गंमत’ आमच्या नकाशा कार्यालयात दर सोमवारी मोठ्याने वाचलं जातं. रंग भरणारी बाई तर तुझी कात्रणं टेबलाच्या काचेखाली ठेवते. बाहेरच्या कोणी नकाशांबद्दल दोन गोड शब्द लिहिले की आमच्या लोकांना भरून येतं. मी तुझी बहीण आहे हे मी तिथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. उगाच माझ्याकडे बघून हसले असते.

तुझं संशोधन मी वाचते. नाइलाज आहे, कानावर पडतं. ‘मेलेल्या घोड्याचा माळ’ वाचला. तुझ्या लेखात एक इमानी घोडा जखमी धन्याला पाठीवर घेऊन धावतो आणि माळावर पोचून प्राण सोडतो. त्या माळाची जुनी मोजणी माझ्या कपाटात आहे. तिथे मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचे. एक घोडा नव्हे, पंचक्रोशीतले सगळे. वास यायचा म्हणून गावाबाहेर जागा दिली होती. ‘बहिरा नाका’ही वाचला. तू तिथे एक बहिरा पहारेकरी उभा केलास, त्याला प्रेयसीची हाक ऐकू आली नाही म्हणून ती कायमची निघून गेली. अरे बाबा, तिथे लोखंडाचा कारखाना होता. घणांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. प्रेयसी आठवडाभर थांबली असती तर तीही बहिरी झाली असती. आणि ‘राणीचा घोट’! तुझ्या हिशेबाने प्रत्येक गावच्या विहिरीवर एखादी राणी येऊन पाणी पिऊन गेलेली असते. इतक्या राण्या जर पाण्यासाठी वणवण फिरत होत्या, तर राज्यं कोण चालवत होतं?

हे सगळं मी सोडून दिलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तुझा धंदा आहे. लोक वाचतात, तू पोट भरतोस. माझं काय जातं?

पण मागच्या रविवारी तू ‘आळशाचा चढ’ लिहिलास.

‘जुने नकाशे चाळता चाळता,’ तू लिहितोस, ‘एका लहानशा गावाच्या नळांच्या नकाशावर माझी नजर खिळली.’ खिळली म्हणे! ‘नळाच्या चावीची खूण म्हणून कुणीतरी लिहिलं होतं, आळशाचा चढ. कोण बरं असेल हा आळशी?’ कोण बरं असेल! लबाडा, त्याच्या मांडीवर बसून तू घास खाल्लेस. त्या चढाच्या डोक्यावर आपलं घर होतं. त्या चढावर तू गुडघे फोडून घेतलेस. आणि लिहिताना मात्र तू त्या गावचाच नव्हेस.

पुढे काय, तर ‘एक कंपोझिटर होता’. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याची बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात राबायची. संध्याकाळी गावातली माणसं घोळक्याने चढ चढून घरी निघायची. अर्ध्यात वळणावर दगडी कट्टा. तिथे हा गृहस्थ फतकल मारायचा, टोपी तोंडावर ओढायचा आणि बरोबरच्यांनाही बसवायचा. ‘बसा हो, चढ काही पळून जात नाही.’ बायको बिचारी दिवसभराची दमलेली. शेवटी तीच ओरडायची, ‘उठा आता, आळशी कुठले!’ तेव्हा कुठे स्वारी हलायची. म्हणून आळशाचा चढ. आणि खाली तात्पर्य: ‘प्रत्येक आळशामागे एक न थकणारी बाई असते.’ हे वाक्य म्हणे लोक एकमेकांना फोनवर पाठवतायत. मलाही तिघांकडून आलं.

आता कामाचं. आपल्या गावाचा नवा नकाशा होतो आहे आणि नावांचा कक्ष माझ्याकडे आहे. एखाद्या चढाचं, वळणाचं, थांब्याचं नाव आमच्या जुन्या मोजणीच्या नकाशावर नसेल तर आमची एक पद्धत आहे. दोन माणसांना वेगवेगळं बोलवायचं आणि विचारायचं, हे नाव कशावरून पडलं? दोघांचा मेळ बसला तर नाव नकाशावर चढतं आणि हकिकत मागच्या पुस्तिकेत छापली जाते. मेळ नाही बसला तर जागा कोरी. फार शहाणपणाची पद्धत होती, कारण दोन म्हाताऱ्यांचा कशावरच मेळ बसत नाही. निम्मा नकाशा कोरा राहायचा आणि मला समाधान वाटायचं. आता तुझ्या कृपेने साक्षीदार तुझा लेख पाठ करून येतात. मेळ असा बसतो की उसासेसुद्धा एकाच जागी टाकतात.

आपल्या चढासाठी पहिला साक्षीदार आला तो धुलाईघराचा मुकादम. हो, आईचा मुकादम. अजून आहे. काठी आहे, कवळी आहे, आवाज तसाच. दुसरा कोपऱ्यावरचा न्हावी, जो बाबा गेल्यानंतर गावात राहायला आला. त्याने बाबांना डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण टोपी तोंडावर कशी ओढायचे ते मला करून दाखवलं. मेळ उत्तम. साहेब खूश.

हरकत घ्यायची तर तिथे वाढलेल्या दोघांनी लेखी द्यावी लागते. एक मी. दुसरा, दुर्दैवाने, तू. मार्चच्या मध्याला नकाशा छापायला जाईल. त्याआधी दोन ओळी लिहून सही करून पाठव: माझी हकिकत रचलेली आहे, हे नाव खरं नाही. म्हणजे जागा कोरी राहील. माझ्या बापाला आळशी म्हणून दगडावर कोरल्यासारखं नकाशावर छापलेलं मला बघायचं नाही, आणि तेही माझ्या सहीने.

तुझ्या गोष्टीत खोटं काय, असं विचारू नकोस. ते तुला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. सही कर आणि पुन्हा राण्यांना पाणी पाजत बस.

ताई
(तुझ्या लेखात जिचा पत्ता नाही ती)


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर मिळालं. कागद झकास आहे. वर नाव, खाली पत्ता, कोपऱ्यात होकायंत्राचं चित्र. तुला उत्तर-दक्षिण कळायला लागलं, आनंद आहे. चपला उलट्या घालून शाळेत जायचास.

मजकूर मात्र चार ओळींचा. तोच इथे पुन्हा लिहिते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुला एकदा दुसऱ्याच्या अक्षरात दिसेल. ‘ताई, खोटं काय आहे त्यात? बाबा आळशीच होते. आई रोज ओरडायची ते तूही ऐकलंस. मी नाव न घेता लिहिलं, हेच खूप झालं. अर्ध्यात बसणाऱ्या माणसाच्या घरातून वेळेवर उठलो म्हणून कुठेतरी पोचलो.’

पोचलास, अगदी पोचलास. पोचलेलाच आहेस.

तू शिकायला जाणार होतास त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खालून तुझी नवी ट्रंक घेऊन निघालो होतो, आठवतं? बाबांच्या खांद्यावर ट्रंक होती. वळण आलं, बाबांनी ट्रंक उतरवली, कट्ट्यावर बसले आणि टोपी तोंडावर ओढली. ‘बसा हो, चढ काही पळून जात नाही.’ सगळे बसले. मुकादमही बसला. तू नाही बसलास. तू उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, ‘मी तुमच्यासारखा अर्ध्या वाटेत बसणार नाही.’ बाबांनी टोपी जरा वर केली आणि म्हणाले, ‘नको बसूस.’ आणि हसले. मग सगळेच हसले. मुकादम तर मांडीवर थाप मारून हसला.

आई काही बोलली नाही. तुला वाटलं, आई तुझ्या बाजूची आहे. तू तिच्याकडे कसा अभिमानाने बघत होतास ते मला अजून दिसतं.

मूर्खा, आईला तेव्हा बोलण्याइतका श्वास नव्हता.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं ऐक. आईचं हृदय बरं नव्हतं. आपण दोघं लहान असल्यापासून. सपाटीवर चालायला, उभ्याने काम करायला काही वाटायचं नाही, पण चढ आला की छातीत श्वास मावायचा नाही आणि नखं निळी पडायची. रुग्णालयातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला गुपचूप तपासून सांगितलं होतं, हे काम सोड. सोडून काय करायचं? छापखान्याच्या पगारात दोन पोरांची शाळा होत नव्हती. आणि धुलाईघरात मुकादमाचा कायदा होता. एक बाई एकदा ओल्या चादरींची पाटी खाली ठेवून भिंतीला टेकली, धापा टाकत होती. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. ‘दम लागणारी बाई मला नको.’ हे त्याचं वाक्य. तुझ्या वाक्यासारखंच, सगळ्यांना पाठ होतं.

आणि हा मुकादम राहायला कुठे? चढाच्या वर, आपल्या घरापुढे चार दारं. रोज संध्याकाळी आपल्याच घोळक्यात, आईच्या दोन पावलं मागे.

आईला तो चढ एका दमात चढता येत नव्हता. मधे थांबावंच लागायचं. ती थांबली असती तर मुकादमाने पाहिलं असतं. म्हणून बाबा थांबायचे. नुसते थांबायचे नाहीत, सगळ्यांना थांबवायचे, मुकादमाला हाताला धरून शेजारी बसवायचे, त्याला विडी द्यायचे, छापखान्यातले किस्से सांगायचे, म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे राहील. टोपी तोंडावर ओढलेली असायची ती झोपेसाठी नव्हे. टोपीखालून ते आईची नखं बघत असायचे. नखं पुन्हा लाल झाली की बाबा पाय हलवायचे. मग आईने ओरडायचं, ‘उठा आता, आळशी कुठले!’ मोठ्याने, ठणठणीत आवाजात, मुकादमाला ऐकू जाईल असं. दम लागलेल्या बाईला असं ओरडता येतं का? त्याचसाठी ते ओरडणं होतं.

तू ते ओरडणं ऐकलंस आणि त्यावर आख्खं आयुष्य उभं केलंस.

मी आई-बाबांच्या मधे बसायचे, म्हणून मला दिसलं. विचारलं तेव्हा आईने सांगितलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. ‘धाकट्याला कळता कामा नये. कळलं तर शिकायला जायचा नाही, इथेच कुठेतरी चिकटेल.’ तिचं तुझ्याबद्दल फार मोठं मत होतं. आईच ती. बाबांना मी एकदा म्हटलं, लोक तुम्हाला आळशी म्हणतात, शाळेत मुली मला चिडवतात. ते म्हणाले, ‘म्हणू दे गं. हसण्यावर भागतंय ना? हसण्याने कुणाची नोकरी जात नाही.’ दिवसभर उभं राहून खिळे जुळवणारा माणूस, रे. सकाळी कामावर जाण्याआधी पाण्याचे हंडे घेऊन एकटे असले की तो चढ न थांबता चढायचे. ते तू कधी पाहिलं नाहीस, कारण तू तेव्हा अंथरुणात असायचास. आळशी कोण होतं घरात ते आता तूच ठरव.

बाबा गेले. आईची नोकरी तेव्हा संपलेली होती, आता लपवायचं काही कारण नव्हतं. ती एकटीच कट्ट्यावर बसायची, श्वास येईपर्यंत. तर लोक काय म्हणाले? ‘बिचारी नवऱ्याच्या आठवणीत बसते.’ तूही एकदा आलास, तिचा तिथे बसलेला फोटो काढलास आणि ‘आठवणींचा कट्टा’ असा लेख लिहिलास. नवऱ्याची आठवण तिला कट्ट्यावर कशाला यायला हवी, ती घरात चुलीपुढेही यायची. तिला दम लागायचा. एवढंच सोडून लोकांना सगळं सुचलं.

कळलं? आता सही कर. कारण लिहू नकोस, रंगवू नकोस. ‘नाव खरं नाही’ एवढंच लिही.

ताई


२० फेब्रुवारी

कालचं पत्र पेटीत टाकल्यावर हात घालून परत काढता येतं का ते पाहिलं. नाही येत. पोस्टमन येईपर्यंत उभी होते, तर तो म्हणाला, ‘बाई, पेटीतलं पत्र माझंही नाही आणि तुमचंही नाही.’ सगळेच मेले तत्त्वज्ञानी झालेत.

आईला शब्द दिला होता आणि तुला खोटं पाडायच्या भरात तो मोडला. तुझ्या नादाला लागलं की माणूस बिघडतं ते असं.

वाचलं असशील तर वाचलं. कुणाला सांगू नकोस.

ताई


१० मार्च

धाकट्या,

तुझं जाडजूड पाकीट आलं. सोबत फोनही येत होते, ते मी उचलले नाहीत. फोनवर तू रडशील आणि मला ‘जाऊ दे’ म्हणावं लागेल, आणि मला तसं म्हणायचं नाही.

पत्रात तू रडला आहेसच. तीन ठिकाणी शाई पसरली आहे. एक खरं वाटलं. दुसरं पाण्याचं असेल. तिसऱ्या ठिकाणी वाक्य इतकं चांगलं झालंय की तिथे रडायला तुला वेळच मिळाला नसणार.

‘नको बसूस’ हे बाबांचे दोन शब्द आता तुझ्या कानातून जात नाहीत, असं लिहितोस. जाऊ नयेतच. ते तुझ्यासाठीच होते. आशीर्वाद होता तो, गाढवा. रागावले असते तर मी तुला तेव्हाच सांगितलं असतं.

इथपर्यंत मी तुझं पत्र बऱ्यापैकी मनाने वाचत होते. डोळ्यांना पदरही लावला. मग पुढचं पान उलटलं, आणि म्हटलं, हा आला मूळ पदावर!

‘ताई, हे जगाला कळलंच पाहिजे.’ का? जगाचं काय अडलंय? तू नवा लेख लिहिणार, ‘एका श्वासाची गोष्ट’. छायाचित्रकार घेऊन येणार. कट्ट्यावर पाटी लावणार. चढाचं नाव बदलून ‘श्वासाचा चढ’ करायचं म्हणून अर्ज करणार. आणि कार्यक्रमाला त्या मुकादमालाच पाहुणा म्हणून बोलावणार, कारण ‘त्याच्या चेहऱ्यावरचा पश्चात्ताप’ तुला टिपायचा आहे! वा रे वा. तेव्हा बाप विकलास, आता आई विकायला काढलीस. दुकान तेच, माल नवा.

हरकतीसाठी मी दोन ओळी मागितल्या होत्या. तू दोन पानं पाठवलीस, सहीनिशी, सगळं खरंखरं. नखं, टोपी, पाय हलवणं. चांगलं लिहिलंयस. चांगलंच लिहिणार, तुला दुसरं येतं काय!

ती पानं मी साहेबांपुढे ठेवली. माझी हरकत आधीच ठेवलेली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘हे लेखक तुमचे भाऊ? बाई, कधी बोलला नाहीत!’ मग म्हणाले, ‘ही हकिकत तर जास्त छान आहे. डोळ्यांत पाणी येतं. पुस्तिकेत पहिलीच घालू या. मेळही बसतोय दोघांचा.’ रंगवाली बाई खांद्यावरून वाचत होती, तिने लगेच हुंदका दिला. गेल्या महिन्यात हीच बाई टोपी तोंडावर ओढायची नक्कल करून हसत होती.

मी जिंकले, धाकट्या. खोटं पाडायचं होतं, पाडलं. साहेबांनी मसुदा माझ्याकडेच दिला, सही करून पुढे पाठवा म्हणाले. तुझ्या कागदावरचं ते वाक्य मी पुन्हा वाचलं, ‘तिची नखं निळी पडत’, आणि माझ्या डोळ्यांपुढे मुकादम आला. पुस्तिका हातात घेऊन, कवळी सावरत, बोट टेकवत वाचणारा. ‘अच्छा! म्हणजे बाईला दम लागत होता तर.’

त्याला कळेल. इतक्या वर्षांनी, आई जाऊन, बाबा जाऊन, अखेर त्याला कळेल. आणि ते मी कळवलेलं असेल, कार्यालयाच्या खर्चाने, छापून.

सही केली नाही. कागद घरी आणला आहे. परवापर्यंत वेळ आहे. तू लेख छापायला दिला असशील तर आत्ताच्या आत्ता परत माग. हे सांगणं आहे, विनंती समजू नकोस.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

लेख मागे घेतलास असं तुझं कार्ड आलं. एकच ओळ होती आणि होकायंत्राचा कागदही नव्हता. पहिल्यांदाच काहीतरी नीट लिहिलंस.

मी काय केलं ते ऐक. काल साहेबांकडे गेले आणि माझी हरकत काढून घेतली. एकट्या तुझ्या हरकतीला अर्थ नाही, दोघं लागतात. साहेब म्हणाले, ‘अहो बाई, मग ती आधीचीच हकिकत राहील. तुमच्या वडिलांना आळशी म्हणून छापायचं?’ मी म्हटलं, ‘छापा. होतेच ते.’ साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की या बाईला बापाबद्दल काही वाटतच नाही. त्यांनी तसं पाहिलं ते बरं झालं. बाबांना ही नजर रोज असायची, मला एक दिवस मिळाली.

मग नोंद मी माझ्या हाताने केली. नाव: आळशाचा चढ. कशावरून: अर्ध्या चढावर बसणाऱ्या एका आळशी माणसावरून. साक्षी: मेळ बसतो. हरकत: नाही. खाली सही. सगळी नोकरी मी लोकांच्या भाकडकथा खोडण्यात घालवली आणि एकच खोटी हकिकत डोळे उघडे ठेवून पास केली, ती ही.

का, ते तुला वाटतं तसं नाही. माफ केलं, मोठं मन केलं, यातलं काही नाही. मला ही सगळी माणसं अजूनही दोन कवडीचीच वाटतात, जास्तच वाटतात. जे इतकी वर्षं त्या कट्ट्यावर शेजारी बसले आणि ज्यांना एक बाई धापा टाकताना दिसली नाही, त्यांना ते आता फुकट का सांगायचं? त्यांची लायकी तेवढीच आहे. त्यांना आळशाची गोष्ट पुरे. बाबांनी ती त्यांच्यासाठीच बेतली होती, आणि बघ, अजून कशी घट्ट बसते आहे. नकाशावर गेली. बाबांनी आयुष्यात एवढं एकच काम मन लावून केलं असं नाही, पण इतकं पक्कं दुसरं नाही केलं. ते मी उसवायचं?

माझ्याकडे आईला दिलेला शब्द होता. तो तुझ्यापुरता मोडला. बाकी जगासाठी अजून शाबूत आहे. तूही आता त्यात आहेस. दोघं लागतात म्हणे आमच्या कार्यालयात.

संध्याकाळी कार्यालयातून सुटून मुद्दाम चढाच्या बाजूने गेले. माझं घर आता खाली आहे, पण गेले. वळणावर कट्टा आहे तसाच, नुसता एका बाजूने खचलाय. बसले. तेवढ्यात मुकादम काठी टेकत खालून आला. माझ्याजवळ थांबला, मला नीट बघितलं, आणि कवळी दाखवून हसला.

‘काय बाई, बापावर गेलात?’

‘घराण्यातच आहे,’ मी म्हटलं. ‘बसा हो. चढ काही पळून जात नाही.’

बसला. धापा टाकत होता, रे. चांगल्याच. काठीवर हनुवटी टेकून, तोंड उघडं टाकून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. खालच्या तळ्याकडे बघत राहिले आणि साहेबांचे किस्से सांगत बसले, तिखटमीठ लावून, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत. मग म्हटलं, ‘उठा आता, आळशी कुठले!’

तो खूश होऊन उठला आणि वर निघाला. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाला, ‘तुमची आई अगदी अशीच ओरडायची. खणखणीत बाई होती. एवढ्या वर्षांत तिला कधी दमलेली पाहिली नाही.’

मी ‘हो’ म्हटलं.

सुट्टी मिळाली तर ये. छायाचित्रकार आणू नकोस. मलाही हल्ली चढ चढायला जरा वेळ लागतो. त्याचं काही नाही, आणि त्यावर काही लिहिलंस तर याद राख. नुसता ये, आणि अर्ध्यात बस.

ताई